पाठीवरचे चित्र

१९४३ सालचा वसंत ऋतू होता. दुसरे महायुद्ध ऐन भरात आले होते. पूर्व इंग्लंडमध्ये केंब्रिज शहरापासून थोड्या अंतरावर बॅसिंगबोर्न नावाचे एक खेडे आहे. त्या खेड्यालगतच्या विमानतळावर अमेरिकेच्या आठव्या विमानदलातील एका बाँबफेकी तुकडीचा तळ पडला होता. पहाटेचे धुके शेतांवरून पुरते उठलेही नसे, तोच न्याहारी आटोपून दहा-दहा तरुणांचे जथे आपापल्या विमानांकडे निघत. विमाने चार एंजिनांची आणि अवाढव्य होती. 'उडता किल्ला' हे त्यांचे नाव. तरुण मात्र विशी-बाविशीचे होते. कित्येकांना नुकतेच कोठे मिसरूड फुटले होते.

समोरून पाहणाऱ्याला हे सारे एकसारखे दिसत. तेच तपकिरी कातड्याचे जाकीट, तीच टोपी, तीच लगबग. परंतु ते पाठमोरे होऊन चालू लागले, की देखावा पालटत असे. कुणाच्या पाठीवर गुरगुरणारे अस्वल, कुणाच्या पाठीवर पंख पसरलेला गरुड, कुणाच्या पाठीवर मासिकातून उतरवून घेतलेली एखादी हसरी तरुणी, तर कुणाच्या पाठीवर ठळक पिवळ्या अक्षरांत विमानाचे नुसते नाव आणि त्याखाली चिमुकल्या बाँबांची ओळ. जणू काही चित्रांचे एक प्रदर्शनच धुक्यातून चालत निघाले होते.

या चित्रांविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्याच्या पाठीवर चित्र असे, त्याला स्वतःला ते जाकीट अंगात असताना कधी दिसत नसे. छातीवरचे पदक माणसाला मान खाली घालून पाहता येते. पाठीवरचे चित्र पाहता येत नाही. ते नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी असते. ते डोळे कुणाकुणाचे होते आणि त्यांना त्या चित्रांत काय दिसले, हे पाहिले म्हणजे एका साध्या हौसेमागे केवढा अर्थ दडलेला असतो, ते कळून येते.

ज्या जाकिटावर ही चित्रे काढीत, त्याचे सरकारी नाव 'ए-२' असे होते. अमेरिकेच्या सैन्याच्या हवाई शाखेने १९३१ साली आपल्या वैमानिकांसाठी ते मुक्रर केले. बहुधा घोड्याच्या कातड्याचे ते शिवीत. पुढच्या बाजूला चेन, खांद्यांवर पट्ट्या, वाऱ्याने फडफडू नये म्हणून दाबाच्या गुंड्यांनी बसवलेली कॉलर आणि मनगटांशी व कमरेशी लोकरीची विणलेली पट्टी, असा त्याचा थाट असे. त्याच्या बांधणीत आणखी एक विशेष होता. पाठीचा भाग एकाच अखंड कातड्याचा असे. मध्ये कोठेही शिवण नसे. हे काही चित्रकाराच्या सोयीसाठी केलेले नव्हते. परंतु त्यामुळे चित्रकाराला एक सपाट, रुंद आणि आयता फलक मिळाला.

थंडीपासून बचाव एवढेच या जाकिटाचे काम होते, असे मात्र समजू नये. ही विमाने सात-आठ हजार मीटर उंचीवरून जात. तेथे पारा शून्याच्या खाली चाळीस अंश आणि त्याहूनही खाली उतरे. विमानाच्या कुशीतील खिडक्या उघड्या असत आणि श्वासासाठी प्राणवायूची नळी तोंडाशी लावावी लागे. अशा ठिकाणी एकट्या ए-२ जाकिटाचा निभाव लागणे शक्य नव्हते. तेथे मेंढीच्या लोकरी कातड्याचे जाड कपडे आणि विजेवर तापणारे पोशाख वापरावे लागत. तरीही वैमानिकाचा जीव होता तो या पातळ जाकिटावरच. ते त्याच्या मानाचे वस्त्र होते. १९४३ साली सैन्याने या जाकिटांची नवी खरेदी थांबवून कापडी जाकिटांचा अवलंब केला, तेव्हा हाती असलेल्या जुन्या जाकिटाचे मोल साहजिकच अधिक वाढले.

मग अशा मानाच्या वस्त्रावर रंगरंगोटी कशासाठी? याचे उत्तर गणवेशाच्या स्वभावातच आहे. गणवेश माणसामाणसांतील भेद पुसून टाकतो. शिस्तीसाठी ते आवश्यकही असते. पण जो तरुण उद्या परत येईल की नाही याची शाश्वती नाही, त्याला आपण हजारांतील एक केवळ आकडा नसून कुणीतरी आहोत, असे वाटण्याची गरज असते. ही गरज फार जुनी आहे. महाभारतातील योद्ध्यांचे रथ त्यांच्या ध्वजांवरून ओळखू येत. अर्जुनाच्या ध्वजावर कपी होता, भीष्मांच्या ध्वजावर ताडवृक्ष होता आणि दुर्योधनाच्या ध्वजावर नाग होता. युरोपातील सरदार आपल्या ढालींवर सिंह नि गरुड रंगवीत. पहिल्या महायुद्धात वैमानिकांनी हीच रीत आकाशात नेली. इटलीच्या फ्रांचेस्को बाराक्का या वैमानिकाच्या विमानावर उधळलेला घोडा होता, तर जर्मनीच्या रिख्टहोफेनने आपले विमानच तांबडेलाल रंगवले होते. दुसऱ्या महायुद्धात या हौसेला उधाण आले. वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रसंस्थेतील कलावंतांनी सैन्याच्या निरनिराळ्या तुकड्यांसाठी सुमारे बाराशे चिन्हे मोबदला न घेता काढून दिली. पण प्रत्येक जाकिटासाठी डिस्नेकडे जाणे कसे शक्य व्हावे? ते काम तळावरच्या हौशी चितारी मंडळींनी केले.

हे चितारी बहुधा लढाऊ वैमानिक नसत. एंजिने दुरुस्त करणारे, पत्रे ठोकणारे, भांडाराचा हिशेब ठेवणारे असे ते जमिनीवरचे सैनिक असत. कुणी युद्धापूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, कुणी शाळेत चित्रकलेचे धडे गिरवले होते. बॅसिंगबोर्नच्या तळावर टोनी स्टार्सर नावाचा एक सैनिक होता. त्याने तेथील विमानांच्या अग्रभागी शंभरांहून अधिक चित्रे रंगवली. विमानावर जे नाव व जे चित्र, तेच पुष्कळदा त्या विमानातील दहाही जणांच्या पाठीवर येई. अशा रीतीने विमान आणि त्यातील माणसे एका चित्राच्या धाग्याने बांधली जात.

कातड्यावर चित्र काढणे कागदावर काढण्याइतके सोपे नाही. कातडे तेलकट असते आणि त्यावर कारखान्यातच एक चकचकीत लेप चढवलेला असतो. त्या लेपावर रंग नुसता तरंगत राहतो; आत मुरत नाही. म्हणून प्रथम कातडे ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे लागते आणि मग ॲसिटोनसारख्या द्रवात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने चित्राच्या जागेवरील लेप हलक्या हाताने काढून टाकावा लागतो. येथे उतावीळपणा केला, तर कातड्याचा मूळ रंगही निघून येतो. आणि लेप राहू दिला, तर काही दिवसांतच चित्राचे पापुद्रे सुटू लागतात. पहिली कसोटी लागते ती चितारीच्या हाताची नव्हे, तर त्याच्या धीराची.

त्यानंतर जाकीट फळीवर सपाट पसरून खडूने आकृती उतरवायची. खडूची रेघ चुकली तर पुसता येते, रंगाची पुसता येत नाही. आकृती मनासारखी झाली, की चित्राच्या आतल्या भागावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यायचा. हा पांढरा थर पुढे कुणाच्या दृष्टीस पडत नाही. परंतु त्याच्यावाचून सारे चित्र फिके पडते. तपकिरी कातड्यावर थेट पिवळा रंग लावला तर तो मळकट दिसतो आणि तांबडा रंग काळवंडतो. पांढऱ्यावर लावलेला तोच रंग उजळून येतो. मग एकेक रंग पातळ करून, पहिला हात वाळल्यावर दुसरा, दुसरा वाळल्यावर तिसरा, असे थर चढवायचे. शेवटी लांब केसांच्या बारीक कुंचल्याने एका दमात कडा आणि अक्षरे ओढायची. अक्षर ओढताना हात थांबला, की रेघ थरथरते. म्हणून पाट्या रंगवणाऱ्याचा सराव येथे उपयोगी पडतो.

युद्धाच्या धामधुमीत कातड्यासाठी खास रंग कुठून मिळणार? विमानांवर खुणा करण्यासाठी आलेले रंग, घराला लावायचे रंग, कुणी घरून मागवलेले तैलरंग, जे हाती लागेल त्यावर काम भागवावे लागे. हे रंग वाळल्यावर कडक होत. कातडे मात्र अंगाबरोबर वाकते, ताणले जाते आणि सुरकुतते. कडक रंगाला ते साधत नाही. मग त्याला तडे जातात. आज संग्रहालयांतील जुन्या जाकिटांवर जे बारीक भेगांचे जाळे दिसते, ते असे निर्माण झालेले आहे. पाठीचा जो भाग अधिक वाके, तेथे भेगा अधिक पडल्या. म्हणजे त्या भेगा हा केवळ रंगाचा दोष नव्हे. एका जिवंत माणसाच्या हालचालींची ती नोंद आहे.

आता या चित्रांकडे पाहणाऱ्या डोळ्यांकडे वळू. पहिले डोळे सोबत्यांचे. त्यांना त्या चित्रात काय दिसे, हे 'मेम्फिस बेल' या विमानाच्या कथेवरून समजते. त्या विमानाचा प्रमुख वैमानिक रॉबर्ट मॉर्गन याने आपल्या प्रेयसीच्या गावावरून विमानाला हे नाव दिले होते. त्याचा अर्थ 'मेम्फिसची सुंदरी'. जॉर्ज पेटी या चित्रकाराने एका मासिकासाठी काढलेली, दूरध्वनीवर बोलत बसलेली तरुणी टोनी स्टार्सरने या विमानाच्या अग्रभागी रंगवली. एका बाजूला तिचे वस्त्र निळे होते, दुसऱ्या बाजूला तांबडे. हीच तरुणी विमानातील सैनिकांच्या जाकिटांवरही आली.

त्या काळी पंचवीस मोहिमा पुऱ्या करणाऱ्याला घरी परतण्याची मुभा मिळे. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. परंतु १९४२ आणि १९४३ या वर्षांत पंचवीस मोहिमा पुऱ्या करणाऱ्यांपेक्षा त्या पुऱ्या न होताच मारले गेलेले, जायबंदी झालेले वा शत्रूच्या हाती सापडलेले सैनिक अधिक होते. प्रत्येक मोहिमेहून परतल्यावर जाकिटावर एक लहानसा बाँब रंगवीत. ज्याच्या पाठीवर पाच बाँब, तो नवखा. ज्याच्या पाठीवर वीस, त्याच्याकडे नवखे आदराने पाहत. 'मेम्फिस बेल'ने मे १९४३ मध्ये आपल्या पंचवीस मोहिमा पुऱ्या केल्या. हा टप्पा गाठणाऱ्या पहिल्या काही विमानांपैकी ते एक होते. त्याच महिन्यात इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ यांनी बॅसिंगबोर्नला येऊन त्या दहा जणांची भेट घेतली. सोबत्यांच्या डोळ्यांना त्या पंचवीस बाँबांत पराक्रमापेक्षा आणखी काही दिसत असले पाहिजे. 'यातून जिवंत परत येता येते' हा दिलासा त्यांना त्या पाठीवर वाचता येत होता.

दुसरे डोळे शत्रूचे. १९४३ सालच्या अखेरीस जर्मनीवर हल्ला करायला गेलेल्या एका अमेरिकन विमानातील तरुण सैनिक हवाई छत्रीने खाली उतरला आणि पकडला गेला. त्याच्या अंगात ए-२ जाकीट होते. त्याच्या पाठीवर, ज्या विमानाशी तो निगडित होता त्याचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेले होते : 'मर्डर इन्कॉर्पोरेटेड', म्हणजे जणू 'खून करणारी मंडळी'. हे नाव न्यूयॉर्कच्या एका कुप्रसिद्ध टोळीला तेथील वर्तमानपत्रांनी दिलेले होते. तळावर कुणाला तरी ते गमतीचे वाटले असेल. ऐन विशीतल्या पोरांची ती दांडगाईची थट्टा होती. पण जर्मन प्रचारखात्याला हे घबाडच सापडले. त्या तरुणाचे पाठमोरे छायाचित्र काढून ते वर्तमानपत्रांत छापण्यात आले. 'पाहा, आपल्या शहरांवर बाँब टाकणारे हे सैनिक नव्हेत. भाडोत्री गुंड आहेत आणि ते स्वतःच तसे सांगत आहेत', असा प्रचार सुरू झाला. ज्याने तो शब्द पाठीवर वागवला, त्याला त्या शब्दाबद्दल परक्या देशात, शत्रूच्या कैदेत जाब द्यावा लागला. सुदैवाने तो तरुण युद्धातून जिवंत परतला.

जर्मनीत त्या वेळी जी राजवट होती, तिच्या हातून झालेल्या अत्याचारांना सीमा नव्हती. तिला दुसऱ्याला खुनी म्हणण्याचा काय अधिकार, असे कुणी म्हणेल. आणि ते खोटे नाही. तरीसुद्धा त्या छायाचित्राकडे पाहणारे सगळेच डोळे राजकर्त्यांचे नव्हते. त्याच वर्षीच्या जुलैच्या अखेरीस हँबुर्ग शहरावर ब्रिटिशांनी रात्री आणि अमेरिकनांनी दिवसा बाँबहल्ले केले होते, आणि आगीच्या डोंबात हजारो नागरिक होरपळून मेले होते. त्यांत बायका होत्या, मुले होती, म्हातारी माणसे होती. जिचे मूल त्या आगीत गेले, त्या आईने तो शब्द वाचला असेल तर तिला त्यात थट्टा कशी दिसावी? जाकिटावरचा चिमुकला पिवळा बाँब परत आलेल्यांच्या दृष्टीने एक दिवस जगल्याची खूण होता. ज्यांच्यावर खरा बाँब पडला, त्यांच्या दृष्टीने ती निराळीच खूण होती. एकाच चित्राचे हे दोन्ही अर्थ खरे होते. रंगवणाऱ्याने पहिला अर्थ मनात धरला होता; दुसरा त्याच्या ध्यानातही आला नसेल. परंतु ध्यानात आला नाही म्हणून तो नाहीसा झाला नाही.

तिसरे डोळे परक्या देशातील अनोळखी माणसाचे. युद्धाची एक आघाडी आपल्या देशाच्या पूर्व सीमेवरही होती. चीनच्या मदतीला गेलेले अमेरिकन स्वयंसेवक वैमानिक १९४१ साली ब्रह्मदेशात शिक्षण घेत होते. 'उडते वाघ' या नावाने ते जगाला परिचित झाले. पुढे १९४२ पासून आसामातील विमानतळांवरून हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनमधील कुनमिंगपर्यंत माल पोचवणारी विमाने जाऊ लागली. या वैमानिकांपैकी अनेकांच्या जाकिटांच्या पाठीवर चित्राऐवजी चीनच्या तत्कालीन राष्ट्रध्वजाचे एक फडके शिवलेले असे आणि त्याखाली चिनी लिपीत मजकूर असे. हा परदेशी माणूस चीनच्या मदतीस आलेला आहे, सैनिकांनी व नागरिकांनी त्याचे रक्षण करावे, असा त्या मजकुराचा आशय होता. विमान कोसळून एखादा वैमानिक डोंगरात उतरलाच, तर त्याची भाषा शेतकऱ्याला कळणार नव्हती आणि शेतकऱ्याची त्याला कळणार नव्हती. अशा वेळी तो पाठ वळवून उभा राही. ज्या पाठीने एकाला गुंड ठरवले, तशाच पाठीने दुसऱ्याचे प्राण वाचवावेत, असा हा योग होता.

या आघाडीवरील वैमानिकांसाठी भारतातील व चीनमधील कारागिरांनीही कातड्याची चिन्हे तयार केली. रंगीत कातड्याचे तुकडे कापून, एकावर एक बसवून, कुंचल्याने बारकावे रंगवून आणि शिवून ती ढालीच्या आकाराची चिन्हे होत. त्यांवर खाली तांबडेपांढरे पट्टे आणि वर निळ्या भागात एका बाजूला चीनचा सूर्य व दुसऱ्या बाजूला भारताचा तारा असे. ज्या कारागिरांनी आयुष्यभर जोडे, खोगिरे आणि पिशव्या शिवल्या, त्यांच्या हातची कला अशा प्रकारे दूर देशीच्या तरुणांच्या खांद्यावर जाऊन बसली. त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत; टाके मात्र टिकले.

चौथे आणि शेवटचे डोळे पुढच्या पिढ्यांचे. १९४५ साली युद्ध संपले. परत आलेल्यांनी जाकिटे खुंटीला टांगली. काहींनी ती शेतात काम करताना वापरून फाडली, काहींनी पेटीत ठेवून दिली. नातवंडांनी पुढे कधी तरी ती पेटी उघडली, तेव्हा भेगाळलेल्या रंगांतून एका अबोल आजोबांचे तारुण्य त्यांच्याकडे पाहू लागले. युद्धाविषयी जे त्यांनी तोंडाने कधी सांगितले नव्हते, ते पाठीने सांगितले. आज अशी जाकिटे अमेरिकेतील आणि इंग्लंडमधील संग्रहालयांत काचेआड जपून ठेवली आहेत. खुद्द 'मेम्फिस बेल' हे विमानही मोठ्या परिश्रमाने पूर्ववत करून २०१८ साली अमेरिकेतील डेटन येथील हवाई दलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवण्यात आले. निळ्या आणि तांबड्या वस्त्रांतील ती तरुणी त्याच्या दोन्ही बाजूंना अजून दूरध्वनीवर बोलत बसलेली आहे.

१९८८ साली अमेरिकेच्या हवाई दलाने ए-२ जाकीट पुन्हा सुरू केले, आणि जुन्या पद्धतीने जाकिटे रंगवणारे कलावंत आजही निरनिराळ्या देशांत आहेत. त्यांच्या हाती आता कातड्याबरोबर वाकणारे ॲक्रिलिक रंग आहेत. चित्र जुने भासावे म्हणून ते शुभ्र पांढऱ्याऐवजी सायीसारखा पांढरा, लखलखीत पिवळ्याऐवजी मोहरीसारखा पिवळा आणि भडक तांबड्याऐवजी विटेसारखा तांबडा रंग वापरतात. वाळलेले चित्र हलकेच चुरगाळून त्यावर भेगाही उमटवतात. यात कौशल्य खचितच आहे. पण येथेच एक मर्यादा पाळावी लागते. नव्या जाकिटावर जुन्या धर्तीचे चित्र काढणे ही कला होय. तेच जाकीट युद्धातले म्हणून विकणे ही फसवणूक होय. चाळीस अंश थंडीत कुणीतरी जिवावर उदार होऊन मिळवलेला एकेक बाँब दिवाणखान्यात बसून पंचवीस वेळा रंगवता येतो. मिळवता येत नाही. म्हणून जाणते कलावंत आपल्या कामावर आपले नाव आणि साल घालतात, आणि कुणाच्या आजोबांच्या जाकिटाची प्रतिकृती करायची असेल, तर जुन्या छायाचित्रावरून एकेक खूण पडताळून पाहतात. जुन्याविषयी आदर असेल, तर नव्यात प्रामाणिकपणा येतोच.

केंब्रिज शहराबाहेर मॅडिंग्ली येथे एका उतारावर अमेरिकन सैनिकांची दफनभूमी आहे. तेथे ३,८०० हून अधिक पांढऱ्या खुणा हिरवळीवर ओळीने उभ्या आहेत. आणि एका लांबलचक भिंतीवर, ज्यांचे देह मिळालेच नाहीत अशा पाच हजारांहून अधिक जणांची नावे कोरलेली आहेत. त्यांत वैमानिकांचा भरणा मोठा आहे. एकट्या आठव्या विमानदलाचे २६,००० हून अधिक सैनिक या युद्धात मरण पावले. त्या भिंतीवर चित्रे नाहीत, रंग नाहीत. सारी अक्षरे एकाच आकाराची आहेत. जी एकसारखेपणाची छाया पुसण्यासाठी त्या तरुणांनी आपल्या पाठी रंगवून घेतल्या होत्या, तिनेच अखेर त्यांना पुन्हा कवेत घेतले. पण जी थोडी जाकिटे उरली आहेत, ती पाहणाऱ्याला सांगत राहतात, की या भिंतीवरचे प्रत्येक नाव म्हणजे एक निराळा माणूस होता. कुणाला अस्वल आवडत होते, कुणाला गरुड. कुणाची प्रेयसी मेम्फिसला होती.

बॅसिंगबोर्नचा चितारी संध्याकाळी धावपट्टीच्या कडेला उभा राहून इतरांबरोबर परतणारी विमाने मोजीत असेल. सकाळी त्याने त्या पाठी जाताना पाहिलेल्या असत. ज्या परत येत, त्यांच्यावर त्याला आणखी एक बाँब रंगवायचा असे. ज्या येत नसत, त्यांच्यावरचा त्याच्या हातचा रंग नीट वाळलाही नसेल. आपल्याला न दिसणारे चित्र प्रत्येक माणूस आपल्या पाठीवर घेऊन चालत असतो. कातड्यावर रंगवलेले नसले, तरी ते त्याच्या बोलण्याने आणि वागण्याने रंगवले जाते. सोबती, परके, शत्रू आणि पुढे येणारी मुलेबाळे यांना ते दिसते. म्हणून कुंचला उचलण्यापूर्वी थोडे थांबावे, आणि आपल्या मागे उभा असलेला माणूस ते कसे वाचील, याचा विचार करावा, हे शहाणपणाचे होय.

स्वाध्याय

१. पाठीवरचे चित्र 'नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी असते' असे पाठात का म्हटले आहे?
२. कातड्यावर चित्र काढताना आधी पांढऱ्या रंगाचा हात का देतात? जुन्या जाकिटांवरील रंगाला तडे का गेले?
३. जाकिटावरील चिमुकल्या बाँबाचे दोन अर्थ कोणते? ते दोन्ही खरे कसे, हे आपल्या शब्दांत लिहा.
४. 'त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. टाके मात्र टिकले.' या वाक्याचा संदर्भ देऊन स्पष्टीकरण करा.
५. जुन्या धर्तीची नवी वस्तू करणे आणि जुनी म्हणून नवी वस्तू विकणे यांतील भेद एक उदाहरण देऊन सांगा.